मिटलेली काटा-सुरी

मी एक जुना काटा आहे. पायात रुततो तो नव्हे आणि घड्याळात फिरतो तोही नव्हे. जेवणाच्या टेबलावर ताटाच्या डाव्या बाजूला मांडतात, तो. मला चार दात आहेत, त्यातला एक किंचित आत वळला आहे. पाठीवरचा चांदीचा मुलामा झिजून खालचं पितळ दिसू लागलं आहे. मित्रांनो, म्हातारी वस्तू आपलं रडगाणं गायला बसली, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. पण हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पितळेच्या जाड पट्टीवर घण पडला आणि माझा आकार उमटला. मग कुणीतरी माझे दात कापले, कुणी कानशीने कडा गुळगुळीत केल्या, कुणी मला चांदीच्या पाण्यात बुडवून बाहेर काढलं. माझ्याबरोबर एक सुरी घडली. तीही मुलाम्याची, तिच्या मुठीवर माझ्यासारखीच पानांची नक्षी. आम्हा दोघांना एकाच खणात निजवून पेटी बंद केली. तेव्हापासून ती माझी जोडीदारीण. स्वभावाने जरा तोडून बोलणारी, पण सुरीच ती, तिला कोण काय म्हणणार?

ती पेटी गेली एका मोठ्या भोजनगृहात. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, उंच खिडक्या, आणि स्वयंपाकघराचं झुलतं दार, जे दिवसभर इकडून तिकडे हलत असायचं. तिथे सगळ्या वेटरांवर देखरेख करणारे एक गृहस्थ होते. वेटरांच्या मुख्याला त्या धंद्यात कप्तान म्हणतात, आणि यांना तर घरीदारी सगळेच कप्तान म्हणायचे. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागलं असतं!

कप्तान कडक होते. मला गरम पाण्यात धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून, उजेडासमोर धरून दातांच्या फटी बघायचे. एखाद्या फटीत अंड्याचा कण दिसला, तर त्या वेटरची काही खैर नसायची. नवीन आलेल्या पोरांना ते टेबलापाशी उभं करून शिकवायचे. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, सुरीची धार ताटाकडे. काटा मुठीत आवळून कुदळीसारखा चालवायचा नाही. सुरी हातात असताना हातवारे करायचे नाहीत. घास तोंडात असताना बोलायचं नाही. आपल्यापुढच्या ताटावरून हात आडवा नेऊन पलीकडचं काही घ्यायचं नाही. पडलेला चमचा आपण वाकून उचलायचा नाही, वेटरला उचलू द्यायचा. पोरं मुंडी हलवायची आणि मागे वळून हसायची. पण महिन्याभरात त्यांचे हात कप्तानांसारखे चालायला लागायचे.

सगळ्यात मोठा धडा मात्र आम्हा जोडीचा होता. पाहुणा जेवता जेवता थांबला, पाणी प्यायला, बोलायला लागला, तर तो काटा डावीकडे आणि सुरी उजवीकडे तिरपी टेकवतो. ताटात छपरासारखा आकार होतो. छप्पर दिसलं की ताटाला हात लावायचा नाही, अजून जेवण चालू आहे. आणि जेवण झालं की पाहुणा आम्हा दोघांना ताटात उजव्या बाजूला एकमेकांशेजारी निजवतो. याला कप्तान ‘मिटलं’ म्हणायचे. मिटलं की ताट उचलायचं, लगेच, आवाज न करता. आणि विचारायचं नाही. झालं का, उचलू का, असं विचारणारा वेटर त्यांना आंधळा वाटायचा.

“पाहुण्याला बोलायला लावू नका,” ते म्हणायचे. “ताट सांगतं. तुम्ही ताटाकडे बघा.”

या नियमाचं भलं मी स्वतः पाहिलं आहे. एकदा एक बाई एकट्या जेवायला आल्या होत्या. दोन घास खाल्ले, आणि त्यांना एकदम रडू फुटलं. त्यांनी छप्पर केलं आणि रुमाल तोंडाशी धरून बाहेर गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. बाहेर लोक टेबलासाठी ताटकळत होते, मालक डोळे वटारत होते. कप्तान त्या टेबलापाशी हात मागे बांधून उभे राहिले आणि कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. बाई परत आल्या, तेव्हा त्यांचं ताट जिथल्या तिथे होतं. त्यांनी उरलेलं जेवण संपवलं, आम्हाला मिटवलं आणि निघून गेल्या. एक शब्द बोलावा लागला नाही त्यांना. त्या दिवशी मला काटा असल्याचा केवढा अभिमान वाटला होता!

वर्षं गेली. भोजनगृहात स्टीलची नवी भांडी आली. कप्तान निवृत्त झाले, तेव्हा मालकांनी मी, माझी सुरी आणि आमच्यासारखी आणखी एक जोडी त्यांना निरोपाची भेट म्हणून दिली. असे आम्ही त्यांच्या घरी आलो.

घर तीन खोल्यांचं. घरात कप्तान, त्यांची बायको आणि मुलगा. भोजनगृहातले सगळे वेटर त्यांच्या बायकोला वहिनी म्हणायचे, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. मुलगा बापाच्याच हाताखाली शिकून त्याच भोजनगृहात वेटर झाला होता. इतर घरांत लहानपणी मुलं पाढे म्हणतात तसा हा मुलगा छप्पर आणि मिटणं शिकला होता. वहिनी लग्नानंतर शिकल्या. सुरुवातीला त्या कप्तानांची भरपूर चेष्टा करायच्या. म्हणायच्या, नवरा केला की साहेब केला, घरातसुद्धा जेवणाला परेड! पण पुढे त्यांच्याही हाताला ते वळण पडलं. घरात जेवताना कुणी कुणाला “झालं का” विचारत नसे. ताट मिटलं की उचललं जायचं. तीन माणसांचं ते गुपचूप चाललेलं जेवण मला फार आवडायचं.

मग एका सकाळी कप्तान दाढी करता करता खाली कोसळले.

जिवावरचं टळलं, पण डावी बाजू लुळी पडली. डावा हात मांडीवर ठेवला की ठेवला. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. बोलायला गेले की शब्दांचा नुसता गोळा बाहेर पडायचा आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे रुमाल घडी घालून दिले, त्याला आता स्वतःची हनुवटी पुसता येईना. लाजेने त्यांनी बोलणंच सोडलं. नाही तर नाही, एक अक्षर नाही. लिहून सांगावं, तर शाळेचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मुलाने चमच्याने भरवायचा प्रयत्न केला. कप्तानांनी ओठ घट्ट मिटून मान फिरवली. मुलगा रडवेला झाला. तेव्हा वहिनींनी ठरवलं, की यांना यांच्या टेबलावर, यांच्या काट्या-सुरीने, माणसासारखं जेवू द्यायचं. त्या आत स्वयंपाकघरातच बटाटा, अंडं, उकडलेली भाजी बारीक कापून आणायच्या, कारण समोर कापलेलं त्यांना लागलं असतं. आणि ताटात उजव्या कडेला सुरी टेकवून आणायच्या, त्यांनीच कापल्यासारखी. लहान मुलाचं ताट वाटू नये म्हणून. काटा, म्हणजे मी, उजव्या हातात. केवढी माया होती त्यात, मित्रांनो! आणि त्याच मायेने घात केला.

नीट ऐका. कप्तानांचा एकच हात चालत होता, उजवा. डॉक्टरांनी बजावलं होतं, की घास अडकेल, दर दोन घासांनंतर पाण्याचा घोट घ्या. आता घोट घ्यायचा, तर पेला उचलायला हात मोकळा हवा. हात मोकळा करायचा, तर मला खाली ठेवायला हवं. खरकटा काटा टेबलक्लॉथवर ठेवायचा नाही हा तर त्यांचाच नियम, मग उजव्या हाताने मला ठेवायला जवळची जागा कुठली? ताटाची उजवी कड. तिथे आधीच सुरी निजलेली. कप्तान मला ठेवायचे, मी सुरीशेजारी आडवा व्हायचो, आणि ताट मिटायचं.

ते पेला उचलायचे. पाणी प्यायचे. पेला खाली ठेवेपर्यंत समोरचं ताट गेलेलं असायचं.

मुलगा उचलायचा. उजवीकडून, आवाज न करता, वडिलांनी शिकवलं तसं अगदी. मुलगा कामावर असला तर वहिनी उचलायच्या. दोघेही बिचारे दाराशी उभे राहायचे. समोर बसून बघत राहिलं तर त्यांना संकोच होईल, म्हणून लांबून फक्त ताटावर नजर ठेवायचे. ताट मिटलं की पुढे यायचे. विचारायचं नाही, हे तर त्यांच्या हाडीमासी खिळलेलं होतं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, चूक झाली, उद्या लक्षात येईल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कप्तानांनी ताटाची कड पकडली. पेला कलंडला, पाणी टेबलभर झालं. वहिनींना वाटलं, यांना राग आला, अन्न नको झालं. त्यांनी ताट घाईने आत नेलं आणि मोरीपाशी उभ्या राहून डोळे पुसले. मोरीतून मला सगळं दिसत होतं. मी मनात ओरडत होतो, अहो वहिनी, परत न्या, परत न्या ते ताट! पण काट्याला दात दिले देवाने, जीभ नाही दिली.

त्यानंतर कप्तानांनी पुन्हा कड पकडली नाही. वेटरशी ताटासाठी झोंबाझोंबी करणारा पाहुणा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, आणि स्वतः तसं व्हायची त्यांना लाज वाटली. एकदा मात्र त्यांनी हात ताटावरून पलीकडे नेऊन मला डावीकडे टेकवायचा प्रयत्न केला. मी बोटांतून निसटलो. मी फरशीवर पडलो, खणकन आवाज झाला. त्यांचा चेहरा मी खालून पाहिला. शरमेने तो माणूस अर्धा झाला होता. मुलाने मला उचललं, दुसरा काटा आणायला आत गेला, आणि जाता जाता ताटही घेऊन गेला, कारण बाबा थकलेले दिसत होते. दुसरा काटा आणलाच नाही.

पूर्वी सुरीशेजारी आडवं व्हायचं म्हणजे दिवसाचं काम संपल्याचं सुख होतं. तोच क्षण आता माझ्या जिवावर यायला लागला. त्यांची बोटं सैल झाली की मला धडकी भरायची. ठेवू नका, कप्तान, मला ठेवू नका! तहान लागू दे, घसा कोरडा पडू दे, पण मला सोडू नका! आणि सुरी, जी कधी कुणाची पत्रास बाळगत नाही, ती एकदा मला म्हणाली, “अरे, जरा लांब पड ना माझ्यापासून.” कुठे पडू? आम्ही हातांच्या ताब्यातल्या वस्तू, आम्हाला ठेवाल तिथे आम्ही.

कप्तान वाळत चालले. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. माझ्यावरची त्यांची पकड दिवसेंदिवस हलकी होत गेली. वहिनींनी त्यांच्या आवडीचं एकेक करून पाहिलं, लोण्यात परतलेले बटाटे, माशाचा मऊ तुकडा, दुधात शिजवलेला भात. काही उपयोग नाही. मग त्या म्हणाल्या, भरलेलं ताट बघूनच यांना नको होत असेल, आणि त्या दिवसापासून त्यांनी ताटात कमी वाढायला सुरुवात केली. मित्रांनो, ते ऐकून माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. सकाळचा दुधाचा कप मात्र कप्तान तळापर्यंत संपवायचे. घरात त्याचं सगळ्यांना नवल वाटायचं. दूध तेवढं जातं हो, असं वहिनी शेजारणीला सांगायच्या. कपात काटा-सुरी नसते, हे कुणाच्या ध्यानात येईल?

डॉक्टर आले. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, वजन पाहून मान हलवली. बाहेरच्या खोलीत ते हळू आवाजात म्हणाले, की अशा आजारात कधीकधी माणसाची जगायची इच्छाच संपते. उद्या दवाखान्यात आणा, नाकातून नळी घालू. नाहीतर हे फार दिवस काढणार नाहीत. ते मुलाशी बोलत होते, पण वहिनी दाराआड होत्या.

डॉक्टर गेल्यावर त्या आत आल्या आणि कप्तानांसमोर बसल्या. मी टेबलावर होतो. बराच वेळ त्या टेबलक्लॉथवरची सुरकुती हाताने सारखी करत राहिल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “मी इतकी नकोशी झाले का तुम्हाला, की माझ्या हातचं खायचंच नाही असं ठरवलंत?”

कप्तानांनी तोंड उघडलं. नुसता घोगरा आवाज निघाला, लाळ आली. त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि डोळे मिटून घेतले. रुमालाखाली त्यांचे खांदे हलत होते. वहिनींना वाटलं, कबुलीच दिली. त्या उठून गेल्या. माझा जीव तीळतीळ तुटत होता. एवढं प्रेम, एवढी भूक, आणि मध्ये मी न् माझी सुरी, दोन बोटांच्या अंतरावर गप्प पडलेले.

त्या संध्याकाळी दवाखान्याची पिशवी भरून झाली. जेवायची वेळ झाली तसं वहिनींनी मुलाला सांगितलं, की आज माझंही ताट त्यांच्या समोर मांड. इतके दिवस त्या मागून स्वयंपाकघरात जेवत होत्या. आज त्यांना नवऱ्यासारखंच जेवायचं होतं, एका हाताने, म्हणजे निदान घरच्या शेवटच्या जेवणाला कप्तानांना एकटं वाटणार नाही. मुलाने दोन्ही ताटं सारखी केली. बटाटा बारीक कापलेला, सुरी उजव्या कडेला टेकवलेली. वहिनींनी डावा हात मांडीवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

कप्तानांनी मला उचललं. समोर वहिनींनी माझ्या भावाला उचललं, दुसऱ्या जोडीतल्या काट्याला. एक घास. दुसरा घास. वहिनींना दोन दिवसांत धड अन्न गेलं नव्हतं, रडून घसा सुजला होता. घास अडकला. त्यांना ठसका लागला. त्यांनी घाईने काटा ताटात ठेवला, पेला उचलला आणि डोळे मिटून पाणी प्यायल्या.

मुलगा दाराशी उभा होता. त्याच्या मनात काय होतं मला माहीत नाही. उद्याची नळी असेल, आईचा ठसका असेल. पण हात आपले सवयीने चालतात. तो पुढे आला आणि उजवीकडून, आवाज न करता, आईचं ताट उचललं.

वहिनींनी पेला खाली ठेवला. समोरचं ताट गेलं होतं.

“अरे, माझं झालं नाही,” त्या म्हणाल्या.

“मिटलंय की, आई,” मुलगा म्हणाला.

“मिटलं नाही रे. पाणी प्यायचं होतं. हात एकच, ठेवणार कुठे...”

आणि त्या थांबल्या. वहिनींनी मान वळवून कप्तानांच्या ताटाकडे पाहिलं. मी तिथेच होतो, सुरीशेजारी, मिटलेला. कप्तानांच्या हातात पाण्याचा पेला होता. ते कुणाकडेही बघत नव्हते. ते आपल्या ताटाकडे बघत होते, कारण आज पाणी पिऊन झालं तरी ते अजून जागेवर होतं.

मुलाने हातातलं ताट ठेवलं. तो वडिलांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला. त्या घरात कधी कुणी विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं.

“बाबा, झालं का तुमचं?”

कप्तानांनी मान हलवली. नाही. मग पुन्हा हलवली, नाही, नाही, आणि हलवतच राहिले, आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. मुलाने सुरी ताटातून काढून टेबलावर लांब ठेवली. मला उचलून त्याने वडिलांच्या हातात दिलं. त्या संध्याकाळी आम्ही ते ताट संपवलं, मग दुसरं, आणि मग वहिनींनी आपल्या ताटातलं हाताने त्यांच्या तोंडात घातलं तेव्हा त्यांनी मान फिरवली नाही.

नळी घालायची वेळ आली नाही. पण इतक्या दिवसांच्या उपासाने शरीर पोखरून काढलं होतं, ते पुरतं भरून आलं नाही. थंडी संपता संपता कप्तान गेले. भरल्या पोटी गेले, एवढंच मी म्हणू शकतो. खोलीत लोक येत-जात राहिले आणि मी चार दिवस ओट्यावर न धुता पडून होतो. मग मला खणात ठेवलं. आता मी काळा पडलो आहे. मला कुणी उजेडासमोर धरत नाही.

वहिनी अजून कधीकधी जेवता जेवता थांबतात आणि मुलाला विचारतात, “किती वेळा उचललं असेल रे आपण?” मुलगा खाली मान घालतो. भोजनगृहात तो आता पाहुण्याजवळ वाकून हळूच विचारतो, झालं का आपलं? नवे कप्तान त्याच्यावर चिडतात, याला साधं ताट वाचता येत नाही म्हणतात. तो ऐकून घेतो आणि पुढच्या टेबलापाशी जाऊन पुन्हा विचारतो.

किती वेळा, ते मला ठाऊक आहे. दर वेळी तिसरा घास माझ्याच दातांवर यायचा होता. पण मला बोलता येत असतं, तरी वहिनींना तो आकडा मी सांगितला नसता.

मित्रांनो, काटा डाव्या हाताला, सुरी उजव्या हाताला, हे सगळं शिका. नीट शिका, त्यात कमीपणा नाही. पण तुमच्या घरात कुणी आजारी असेल, म्हातारं असेल, गप्प गप्प असेल, तर त्याच्यासमोरचं ताट उचलण्याआधी तोंडाने विचारा. झालं का? एवढंच. आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे बघत थांबा.